तिसऱ्या हाकेला ओ

कार्यालयातलं नेट गेलं की पहिली शिवी मला पडते. तोंडावर कुणी देत नाही, पण साहेबांच्या केबिनचं दार जरा जोरात उघडलं की मी समजतो, आपली आठवण निघाली. परभणीच्या एका कार्यालयात मी नेटवर्कचं काम बघतो. जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या शाखा आमच्या मुख्य संगणकाला जोडलेल्या आहेत. सगळं सुरळीत असतं तेव्हा मी जिवंत आहे की नाही याची कुणी चौकशी करत नाही. एक शाखा तुटली, की शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना मीच हवा असतो.

गेल्या उन्हाळ्यात देवगाव फाट्याच्या बाजूला रस्त्याचं काम चाललं होतं. खोदताना आमची केबल तुटली आणि सेलूची शाखा गेली. तेव्हा ते आम्हाला माहीत नव्हतं, नुसतं सेलू गेलं एवढंच माहीत होतं. मी काळा पडदा उघडून पिंग टाइप केलं, पुढं सेलूच्या यंत्राचा पत्ता टाकला आणि वाट बघत बसलो. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम लातूरहून नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्या खुर्ची ओढून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "दिवसभर तुम्ही सगळे पिंग पिंग करता. हे पिंग म्हणजे नक्की काय असतं हो?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. लोक फक्त "कधी येणार" विचारतात. त्यामुळे मी जरा रंगात आलो.

मी म्हणालो, "मॅडम, ही हाक असते. इथून एक छोटा निरोप सेलूच्या यंत्राकडे जातो. त्यात कामाचं काहीच नसतं. आहेस का, एवढंच विचारलेलं असतं. ते यंत्र चालू असेल तर तो निरोप तसाच परत पाठवतं. म्हणजे ओ देतं. जाऊन यायला किती वेळ लागला ते इथं दिसतं. ओ आलीच नाही तर आपलं यंत्र थोडा वेळ थांबतं आणि लिहितं, वेळ संपली."

तेवढ्यात पडद्यावर तेच उमटलं. वेळ संपली.

"म्हणजे सेलूचं मशीन बंद पडलं," मॅडम म्हणाल्या.

"तसं म्हणता येत नाही. बंद असेल. मधे वाट तुटली असेल. कधी कधी मशीन धडधाकट असतं, पण परक्याच्या हाकेला ओ द्यायची नाही असं त्याला बजावून ठेवलेलं असतं. आणि असंही होतं, की हाक पोचते, ते ओ पण देतं, आणि ती ओ परत येताना हरवते. जायची वाट नीट, यायची वाट मोडलेली. इथं बसून आपल्याला एवढंच कळतं की ओ आली नाही."

मॅडम पडद्याकडं बघत राहिल्या. "म्हणजे ते बिचारं तिकडून ओरडत असेल, आणि आपण इथं म्हणतोय, मेलं."

"होतं असं," मी म्हणालो.

मग मी त्यांना या शब्दाचं मूळही सांगितलं. हा शब्द पाण्यातून आला. पाणबुडीला खोल पाण्यात पुढचं काही दिसत नाही. म्हणून ती एक बारीक आवाज सोडते. तो आवाज समोर खडक असो, जहाज असो, त्याच्यावर आदळून परत येतो, आणि तो यायला किती वेळ लागला त्यावरून समोर काय किती लांब आहे ते कळतं. कानाला यंत्र लावून बसलेल्यांना तो आवाज 'पिंग' असा ऐकू येई, म्हणून त्याचं नाव पिंग. पुढं संगणक तारांनी जोडायला लागले. तिकडं अमेरिकेत एका माणसाच्या जोडणीत अशीच काही गडबड होती, म्हणून त्यानं एक लहानसा प्रोग्राम लिहिला, तारेतून हाक मारणारा. हे तर पाणबुडीचंच काम झालं, असं वाटून त्यानं त्या आवाजाचंच नाव ठेवलं. एवढी साधी गोष्ट. पण संगणकातला शब्द आहे म्हणजे तो कशाचं तरी लघुरूप असलाच पाहिजे, अशी लोकांची पक्की समजूत. मग नंतर कुणीतरी त्या चार इंग्रजी अक्षरांचं लांबलचक पूर्ण रूप तयार केलं. आमच्या सरांनी आम्हाला ते तोंडपाठ करायला लावलं होतं, आणि मी ते परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. आता तर हा शब्द साहेबांच्या तोंडी गेला आहे. फाइल तयार झाली की "मला पिंग करा" म्हणतात. करा म्हणजे व्हॉट्सअॅपवर टाका.

मॅडम हसल्या. मीही हसलो. पण ओ परत येताना हरवते असं म्हणताना मला घर आठवलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. त्या दिवसांत घरी आबा खाटेवर होते. माझे वडील. त्यांना आमचं ऐकू येतं का, एवढाच प्रश्न तेव्हा आमच्या घरात होता.

आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. गाव पेडगावच्या पलीकडं, जरा आत. दिवाळी झाली की आबा, आई आणि भावकीतले दोघंतिघं बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरं घेऊन निघायचे, ते पाऊसकाळ तोंडावर आला की परतायचे. दुधनेच्या काठाकाठानं, या शेतातून त्या शेतात. शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेत आणि त्याबदल्यात ज्वारी देत. मी शाळेत जायच्या आधी त्यांच्याबरोबरच असायचो. दिवसा मेंढरं लांब लांब पांगायची. एक जण बाभळीच्या अलीकडं, एक ओढ्याच्या पलीकडं, मधे डोक्याच्या वर गेलेली तूर. कुणाला कुणी दिसायचं नाही. तेव्हा हाक हेच साधन होतं. आबांची हाक ठरलेली असायची. नाव घ्यायचे नाहीत. नुसतं "हाय काऽऽ" एवढंच, शेवटचं अक्षर लांबवून. आणि पलीकडून ओ यायची, "हाऽय".

पण ती ओ पहिल्या हाकेला यायची नाही. दुसरीलाही नाही. आमच्यात तो नेमच होता. मी लहान असताना आबांनी मला समोर बसवून सांगितला होता.

"पहिल्या हाकंला ओ द्यायची न्हाई. कोन हाय ते ठावं हाय का आपल्याला? दुसरीला बी न्हाई. तिसरी आली की समजायचं, मानूस हाय. जे मानूस न्हाई ते तिसरी हाक मारीतच न्हाई."

बऱ्याच घरांत हे फक्त अंधार पडल्यावर पाळतात. आबा भर उन्हातही पाळायचे. आणि त्यांच्या नेमाला एक शेपूट होतं. "तिसरीला ओ आली न्हाई तर चौथी मारायची न्हाई. ते गेले म्होरं, असं समजायचं. बोंबलत बसायचं न्हाई. घोंगडं उचलायचं अन् चालू लागायचं. म्होरं गाठ पडतीच."

एकदा मी तुरीत वाट चुकलो. फार लहान होतो. कुठून तरी आबांची पहिली हाक आली आणि माझ्या पोटात इतकं बरं वाटलं की मी ओरडणारच होतो. तोंडावर हात ठेवला. दुसरी हाक आली. डोळ्यांतून पाणी चाललेलं, तरी गप्प बसलो. तिसरीला जो ओरडलो तो तूर हलली असेल. आबा आले, मला उचललं आणि आईला कौतुकानं सांगत सुटले, "लेकरू दोन हाका गिळून बसलं गं." आईनं त्यांना फार काही ऐकवलं, पण आबांचं कौतुक काही कमी झालं नाही.

या नेमाचा मला पुढं भारी त्रास झाला. परभणीला वसतिगृहात राहून शिकायला लागलो तेव्हा गुरुजी हजेरी घेताना एकदाच नाव पुकारायचे. माझी जीभ तिसऱ्या हाकेशिवाय हलायची नाही. आठवडाभर मी वर्गात बसून गैरहजर. गुरुजींनी आबांना बोलावून घेतलं. आबा घोंगडं खांद्यावर टाकून आले, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग गुर्जी, तुमीच तीनदा हाक मारा की. काय बिघडतंय?" गुरुजींनी कपाळाला हात लावला. शेवटी मलाच सवय बदलावी लागली.

आबांनी कधीच बदलली नाही. धाकट्या भावानं त्यांना बटणांचा मोबाइल घेऊन दिला, तर तिथंही तेच. वाजला की खिशातून काढायचे, बघायचे, परत खिशात ठेवायचे. मग परत वाजायचा. परत बघायचे. तिसऱ्यांदा वाजला की कानाला लावून म्हणायचे, "हाय." हॅलो त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. कोकरं घ्यायला येणारे व्यापारी शिकले. मी तर आधीच शिकलेला होतो, वाजवायचा, तोडायचा, वाजवायचा, तोडायचा. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं सासऱ्यांचा आपल्यावर राग आहे. एकदाच फोन करायची आणि हिरमुसून बसायची.

मी नेटवर्कच्या कामाला लागल्यावर आबा एकदा कार्यालयात आले होते. पोरगं काय करतं ते बघायचं होतं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पिंग करून दाखवलं. दुसरं काय दाखवणार? आमच्या कामात बघण्यासारखं दुसरं काही नसतं. हाक मारली, गंगाखेडहून ओ आली. आबा पुढं वाकून बघायला लागले.

"कितीदा हाक मारायलंय ते?"

"चार वेळा."

"चौथी कामून?"

"ते तसंच बनवलेलं आहे, आबा."

"एक जास्त हाय," आबा म्हणाले. "तिसरीला ओ न्हाई आली तर निघायचं असतंय, हे मशीनला कळंना व्हय?"

मग मी त्यांना खूश करायला एक गंमत दाखवली. नव्यानं जोडलेल्या यंत्राला हाक मारली की कधी कधी पहिली हाक वाया जाते. त्याचं घर नेमकं कुठलं ते शोधण्यातच तिचा वेळ संपतो, आणि ओ येते ती दुसरीपासून. नशीब बघा, त्या दिवशी नेमकी पहिली वाया गेली. आबांनी मांडीवर थाप मारली. "त्याला बी कुनीतरी शिकिवलंय. पर अर्धंच शिकिवलंय." जाताना त्यांनी सगळ्या कार्यालयाला रामराम घातला, आणि मला आठवतं, त्या दिवशी मला माझं काम पहिल्यांदा सांगण्यासारखं वाटलं.

मग त्या उन्हाळ्याआधीच्या थंडीत भावाचा फोन आला. पिंगळीच्या बाजूला एका शेतात मेंढरं बसवली होती. सकाळी आबा उठलेच नाहीत. डोळे उघडे होते, तोंड एका बाजूला गेलं होतं. लकवा मारला होता. भावानं टेम्पोत घालून परभणीच्या दवाखान्यात आणलं. मी पोचलो तेव्हा आबा पलंगावर होते, आणि एक तरुण डॉक्टर त्यांच्या तोंडाजवळ वाकून हाका मारत होते.

"आजोबा! ऐकू येतंय का? आजोबा!"

दोन हाका झाल्या. आबांनी पापणीही हलवली नाही. डॉक्टर सरळ झाले आणि नर्सला म्हणाले, "प्रतिसाद नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर, अजून एक मारा. तिसरी राहिलीय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वेड लागलेले नातेवाईक त्यांना रोज भेटत असतील. पण माणूस चांगला होता. बाजूला सरकला आणि म्हणाला, "तुम्हीच मारा."

दवाखान्यात, एवढ्या लोकांत, मी शेतातली हाक मारली. "हाय काऽऽ." पलीकडच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. आणि आबांचा डावीकडचा ओठ हलला. आवाज फाटका होता, पण होता. "हाऽ."

आईनं तोंडाला पदर लावला. भाऊ तर रडायलाच लागला. डॉक्टर परत वाकले, टॉर्च मारला, हात दाबून बघितला, आणि म्हणाले की आत पोचतंय, पण उशिरा पोचतंय. अशा झटक्यानंतर मेंदूला वेळ लागतो, त्यामुळे तिसऱ्या हाकेपर्यंत उत्तर तयार झालं असेल. त्यांचं बरोबर असणार. आईला मात्र ते मुळीच पटलं नाही. "मेंदूबिंदू काय न्हाई," ती डॉक्टरांच्या तोंडावर म्हणाली. "त्येंला तिसरीच हाक लागती. लगीन झाल्यापून बघायले मी."

आबांना आम्ही परभणीच्या घरी आणलं. मेंढरं भावाकडं गेली, आई आमच्याकडं राहिली. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी खाट टाकली. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं सगळं गेलं होतं, "हाय" एवढा एक शब्द सोडून. रोज सकाळी कार्यालयात जायच्या आधी मी खाटेपाशी बसून हाक मारायचो. पहिली. दुसरी. तिसरी. मग "हाय" यायचं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची. ते "हाय" आलं की आत जाऊन चहा ठेवायची. त्याआधी ठेवायची नाही. माझी बायको म्हणायची, अहो, पाणी तरी उकळू द्या. आई म्हणायची, आधी त्येंची ओ येऊ दे.

असं थंडीभर चाललं. मला वाटलं होतं, एका शब्दावरून दोन होतील, दोनावरून चार. झालं उलटं. फाल्गुनात त्या "हाय"मधला आवाज गेला, नुसता ओठ हलायचा. पुढं ओठही कधी हलायचा, कधी नाही. मी आईला म्हणायचो, हलला. ती म्हणायची, मला न्हाई दिसला. तरी चहा ठेवायची. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. आत लहान लहान झटके येत असावेत म्हणाले. मी विचारलं, त्यांना ऐकू येतं का? ते म्हणाले, येत असेल. सांगता येत नाही.

हेच तर मी लोकांना सांगत आलो होतो. सांगता येत नाही. पण कार्यालयात ते म्हटल्यावर माझ्याकडं करण्यासारखं पुष्कळ असतं. सेलूच्या माणसाला फोन लावतो, मशीन बंद करून चालू करायला सांगतो. मधल्या एकेका टप्प्याला हाक मारत जातो, कुठपर्यंत ओ येते ते बघतो, म्हणजे वाट कुठं तुटली ते सापडतं. मग गाडी काढून तिथं जातो. इथं मधे टप्पेच नव्हते. पलीकडं कुणी नव्हतं, ज्याला फोन करून विचारावं की बाबा, आत दिवा लागलाय का बघ. मी खाटेच्या कडेला बसून नुसता बघत राहायचो. मला राग यायचा. कुणाचा ते कळायचं नाही. डॉक्टरांचा, आबांचा, माझ्या बारा गावच्या तारा जोडणाऱ्या हातांचा.

तरी आम्ही काय काय केलं! डाव्या कानाशी बोललो, उजव्या कानाशी बोललो. भावानं शेतातून फोन लावून मेंढरांचं ओरडणं ऐकवलं. एकदा तर तो एक कोकरूच घेऊन आला, आमच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यावरून. शेजाऱ्यांनी दारं उघडून बघितलं. त्यानं ते आबांच्या छातीशी ठेवलं आणि त्यांचा हात त्याच्या पाठीवर ठेवला. हात तिथं तसाच राहिला. भाऊ म्हणाला, बोटं हलली. मी म्हणालो, कोकरू हललं. कोकरानं चादर ओली केली, बायकोनं चादर बदलली, आणि भाऊ कोकरू पोटाशी धरून खाली उतरला. त्याला असं म्हाताऱ्यासारखं चालताना मी कधी बघितलं नव्हतं.

सेलूची केबल तुटली ती याच दिवसांत. मॅडमना पाणबुडीची गोष्ट सांगून मी देवगाव फाट्याला गेलो, उन्हात उभं राहून ती जोडून घेतली. संध्याकाळी सेलूहून ओ आली. साहेब म्हणाले, शाब्बास.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. दुपार होती. कूलर चालू होता, मी खाली सतरंजीवर आडवा झालो होतो. महिन्याभरात आबांच्या तोंडून काहीच निघालं नव्हतं. आणि एकदम खोलीभर आवाज आला.

"हाय काऽऽ."

तीच हाक. फाटकी नाही, अर्धी नाही. शेताच्या या कडेवरून त्या कडेला जाणारी. मी ताडकन उठलो. आई पिठाच्या हातानं धावत आली, मागून बायको. मी खाटेवर हात टेकून ओरडलो, "हाय! आबा, हाय! मी हाय इथं!" पहिल्याच हाकेला ओ दिली. आबांच्या हाकेला जन्मात पहिल्यांदा नेम मोडला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आबा माझ्याकडं बघत नव्हते. खिडकीच्याही पलीकडं कुठंतरी बघत होते. चांगला असलेला डावा हात त्यांनी हळूहळू उचलला आणि कानामागं धरला. शेतात ओ ऐकायला धरायचे तसा. मी त्या हाताजवळ तोंड नेलं आणि परत म्हणालो, हाय. माझा श्वास त्यांच्या कानात जात असणार. ते वाट बघत होते.

"हाय काऽऽ."

आता आम्ही सगळेच ओ द्यायला लागलो. आईनं पिठाचे हात त्यांच्या गालाला लावले. "अवो, हाय की. हितंच हाय मी. कुठं जायले मी?" बायकोनं भावाला फोन लावला आणि त्यांच्या उशीपाशी धरला. त्यातून भाऊ रानातून ओरडायला लागला, हाय आबा, हाय. शेजारचे दार वाजवायला लागले, काय झालं म्हणून. सगळं घर ओ देत होतं, आणि आबांचा हात कानामागं तसाच होता.

मला माहीत होतं आता काय राहिलं आहे. मी त्यांचा खांदा धरून म्हणालो, आबा, आता नका मारू. थांबा थोडं. येतेय ओ. पोचतेय. मी अक्षरशः हात जोडले. तिसरी हाक त्यांनी मारू नये एवढंच मला वाटत होतं.

त्यांनी मारली. आधीच्या दोन्हींपेक्षा लांब.

आम्ही ओरडलो. आई, मी, बायको, फोनमधला भाऊ. आबा थांबले, नीट थांबले. नेमात असतो तेवढा वेळ त्यांनी दिला. मग कानामागचा हात खाली आणला आणि म्हणाले. दुःखानं नाही, रागानं नाही. एखादी साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाले.

"गेले वाटतं म्होरं."

आणि त्यांचा हात खाटेच्या कडेला काहीतरी चाचपायला लागला. आम्हाला कुणालाच कळेना. आईला कळलं. ती आत गेली आणि कपाटावरच्या गाठोड्यातून त्यांचं घोंगडं काढून आणलं, आणि त्यांच्या हाताखाली सरकवलं. आबांनी ते मुठीत धरलं. मग डोळे मिटून घेतले.

त्यानंतर ते थोडेच दिवस होते. मूठ सोडली नाही. हाक मारली नाही. आम्ही मारलेल्या एकाही हाकेला ओठसुद्धा हलला नाही, म्हणून मी मारणं बंद केलं. तरी रोज सकाळी कार्यालयात जायच्या आधी खाटेपाशी बसायचो. त्यांच्या कानाला तोंड लावून सांगायचो, हाय. आबा, आमी हाय. म्होरं कोनीच गेलं न्हाई. दारात उभी असलेली आई ते ऐकायची आणि आत जाऊन चहा ठेवायची.